आधी तुझ्या हातावर

शेवंता, तुझ्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मंडपात माणसं पुष्कळ होती. दवाखान्यातल्या आम्ही मोजक्याच. बाकी तुझ्या वस्तीतली आणि केदारखेड्याहून आलेली, सगळी पांढऱ्या कपड्यांत. मी उभी राहिले, "शेवंताबाई वेळेवर यायच्या" एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोक वाट बघत राहिले, पुढे काही येईल म्हणून. आलं नाही. तुझी लेक तेवढी रडता रडता हसली. तुझ्यासारखीच हसते ती, ओठाच्या एका कोपऱ्यातून.

जे तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. तुला तू म्हणूनच लिहिते. तिथे चारचौघांत शेवंताबाई म्हणाले खरी, पण तू समोर असतीस तर मी कुणाला हाक मारते आहे म्हणून मागे वळून बघितलं असतंस.

आज सकाळी दवाखान्यातली आपली खोली मीच उघडली; तू अंथरूण धरल्यापासून पेटी बंदच होती. घमेलं पालथं होतं, तू ठेवून गेलीस तसं. पट्ट्या दोरीवर वाळून कडक झाल्या होत्या. स्टोव्ह पेटवला, पाणी कोमट केलं, मीठ टाकलं आणि मग किती मीठ टाकायचं ते आठवेना. शिकवलं मीच होतं तुला. पण इतक्या वर्षांत मी एकदाही स्वतः टाकलं नव्हतं.

तू आलीस ती दुष्काळानंतर. केदारखेड्याजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडून तुझी कंबर गेली होती आणि दवाखान्यात तुला झाडायचं काम मिळालं होतं. मी मुंबईहून शिकून आलेली. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणायचे, ती मी नव्हते. दुखणाऱ्या अंगाला व्यायाम, शेक आणि विजेचा सौम्य प्रवाह, एवढंच माझं शिक्षण. जालन्यात तेव्हा ही गोष्टच नवी होती. माणसं विजेच्या पेटीकडे बघायची, तिच्या काट्याकडे बघायची आणि म्हणायची, "बाई, मरणार न्हाई ना?"

मी शंभरदा समजावून सांगायची. ही वीज घरातल्या दिव्याची नाही, तिला पेटीनं पार मवाळ केलेलं आहे. फलानेलच्या घडीत जस्ताचा पत्रा घालायचा, घडी मिठाच्या पाण्यात भिजवून पिळायची, एक पट्टी कमरेवर, एक पोटरीवर, वर रबरी पट्टा, आणि मग बटण हळूहळू फिरवायचं. मुंग्या आल्यासारखं वाटतं. दुखणं दबतं. दबलं की व्यायाम करून घ्यायचा, कारण खरं काम व्यायामच करतो. कुणालाही हे पटायचं नाही.

एक दिवस तू कोपऱ्यात झाडत होतीस. बाकावरचा माणूस पट्टी लावू द्यायला तयार नव्हता. तू झाडू टेकवून ठेवलास, हात पुढे केलास आणि म्हणालीस, "बाई, आधी मला लावा. मी मेले तर त्यांनी घरी जावं."

मी तुझ्या हातावर दोन्ही पट्ट्या ठेवल्या, एक मनगटाजवळ, एक कोपराखाली. बटण फिरवलं. तू त्या माणसाकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "मुंग्या येऊन राह्यल्या. गोड मुंग्या आहेत."

तो माणूस आडवा झाला. दुसऱ्या दिवसापासून झाडू दुसरीकडे गेला आणि तू खोलीत आलीस. वरच्यांना मी सांगितलं, ही मला हवी. आणि तेव्हापासून खोलीचा नियमच झाला. प्रत्येक पट्टी आधी तुझ्या हातावर, मग पेशंटच्या अंगावर. माझ्या मुंबईच्या बाईंनी शिकवलं होतं की पेटी रोज सकाळी एकदा स्वतःवर तपासून घ्यावी. तू ते दर पेशंटला करायला लागलीस. "दिवसभरात सगळ्यात जास्त करंट माझाच हात खातो," म्हणायचीस, "म्हातारपणी हा एकच हात तरणा राहील."

परतूरहून पॅसेंजरनं येणारे ते आडदांड मापारी आठवतात? धान्य मापून मापून खांदा धरलेले. रोज म्हणायचे, "एवढ्या दूरून यायचं आन् नुसत्या मुंग्या? जरा जोरात द्या की." तू पट्टा आवळत म्हणालीस, "जोरात पाहिजे तर बाहेर खांब आहे. त्याला धरा. इकडं यायची गरजच पडणार न्हाई पुन्हा." ते इतके हसले की पट्टी घसरली. पुन्हा भिजवावी लागली.

हे सगळं मला सोपं वाटत होतं. मिठाचं पाणी, पट्टी, काटा, प्रश्न. मुंग्या येतात का, टोचतं का, वाढवू का. पेशंटनं खरं सांगायचं आणि आपण तेवढंच फिरवायचं. ओलं हा त्यातला अवघड शब्द आहे, हे माझ्या सासूबाई, आत्याबाई, खोलीत येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आत्याबाईंचा पाय कमरेपासून घोट्यापर्यंत धरला होता. आमच्याकडे त्या पूजेला पाटावर बसायच्या, तासभर. ते बसणं बंद झालं. उभ्यानं देवांना पाणी घालायच्या आणि घालता घालता कण्हायच्या. गोळ्या झाल्या, तेलं झाली. मी म्हटलं, दवाखान्यात चला. त्यांनी विचारलं, "पट्टी कोण लावतं?" मी तुझं नाव सांगितलं. त्यांना तुझं नाव माहीत होतं. गावात कुणाचं काय हे त्यांना सगळं माहीत असतं.

"तिनं पट्टा आवळला तर चालेल," त्या म्हणाल्या. "पट्टा कोरडा. पेटीला हात लावला तरी चालेल. पण ओलं नको. तिच्या हातचं पाणी, तिच्या हाताला लागलेली ओली घडी, ती मी अंगाला लावून घेऊन देवापाशी कशी जाऊ?"

त्या दुष्ट नाहीत, शेवंता. तुलाही ते पुढे कळलं, तरी तू म्हणालीस, "दुष्ट असत्या तर सोपं गेलं असतं." मी त्या वेळी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला एवढंच दिसत होतं की एका म्हातारीचा पाय दुखतो आहे आणि माझ्याकडे पेटी आहे. मधला अडथळा लहान आहे, तो वळसा घालून ओलांडता येईल. मी तोडगा काढला. दुपारी दवाखाना रिकामा होतो तेव्हा त्यांना आणायचं, पाणी घरचं, पट्ट्या घरच्या, लावणार मी. हे तुला सांगितलं तेव्हा तू पट्ट्या पिळत होतीस.

"तुम्ही लावा ना," तू म्हणालीस. "मी न्हाई म्हणून राह्यले का?"

"मग झालं."

"तेवढा वेळ मी कुठं बसायचं, तेवढं सांगा."

मी म्हटलं, "अगं, बाहेर बाकावर बस. चहा पिऊन ये. अर्ध्या तासाचा तर प्रश्न."

तू पिळलेली पट्टी दोरीवर टाकलीस. चिमटा लावलास. मग बोललीस, आणि ते बोलणं मला शब्दाशब्दानं पाठ आहे. "बाई, खडीवर होते तवा आमाला पाणी वरून वतायचे. मी वंजळ धरून पिले. काय करता, तहान होती. इथं मला तहान न्हाई."

मला राग आला. मी म्हटलं, "इथे तुझ्या मानाचा प्रश्न नाही. दुखतंय त्यांना. आधी दुखणं, मग बाकीचं."

"दुखणं कुणाला न्हाई? कुणाचं आधी, ते तुम्ही ठरवून राह्यल्या."

"मी काही तुझी जागा काढून घेत नाहीये."

"आज तुमच्या सासूबाई. उद्या मोंढ्यातल्या काकू म्हणतील, आमालाबी दुपारची वेळ द्या. परवा तिसरी. मंग मी दिवसभर बाकावरच. त्यापेक्षा झाडू द्या माझा मला. झाडूला कुणी ओला-सुका म्हणत न्हाई."

तू आवाज चढवला नाहीस. मी चढवला. मी म्हटलं की तू हट्टी आहेस. तू म्हणालीस, "बराबर आहे," आणि पुढच्या पेशंटला हाक मारलीस.

तरी मी आत्याबाईंना दुपारी आणलंच. त्यांनी स्वतः पट्ट्या शिवून आणल्या होत्या, आपल्या सोवळ्याच्या जुन्या धाबळीच्या. लोकरीला विटाळ होत नाही, म्हणून. सुरेख शिवल्या होत्या, टाके बारीक, कडा दुमडलेल्या. मला ठाऊक होतं की लोकर पाणी नीट पीत नाही. सुती फलानेल कसं सगळीकडून सारखं भिजतं तसं तिचं होत नाही; एखादा ठिपका चिंब, बाजूचा कोरडा. पण त्यांनी रात्रभर भिजत घातल्या होत्या, म्हटलं चालून जाईल.

तू बाकावर गेली नाहीस. आतही आली नाहीस. उंबऱ्यावर उभी राहिलीस, दाराच्या चौकटीला पाठ लावून. आत्याबाई खाटेवर पालथ्या झाल्या, तोंड भिंतीकडे. मी पट्ट्या उचलल्या आणि माझे हात थांबले. खोलीचा नियम होता, आधी हातावर. तुझ्या हाताला त्या लावता येत नव्हत्या, म्हणून मी माझ्या हाताला लावल्या. बटण फिरवलं. काटा हलेना. आणखी फिरवलं. मुंग्या नाहीत, काही नाही. आणखी थोडं फिरवलं आणि एका टिंबावर असा चावा बसला की माझ्या तोंडून नको तो शब्द गेला.

तू दोन पावलांत आत आलीस, भिंतीवरचा खटका बंद केलास आणि म्हणालीस, "हात द्या." माझा हात घमेल्यात बुडवून धरलास. कुणाच्या घमेल्यात, कुणाचं पाणी, ते त्या वेळी कुणीच बघितलं नाही. आत्याबाई मान वळवून बघत होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"धाबळी चावली," तू म्हणालीस.

एवढंच. त्यावर तू एक शब्द वाढवला नाहीस, आणि मला तेच जास्त लागलं. तुला बोलायला जागा होती. मी तुझ्या जागी असते तर बोलले असते.

आत्याबाई त्या दिवशी तशाच घरी गेल्या. मी त्यांना सांगितलं, ही पट्टी तुमच्या पाठीवर असती तर तुम्ही भाजल्या असत्या. त्या म्हणाल्या, "मग माझ्या नशिबात करंट नाही." डाळीएवढा तो डाग माझ्या हातावर अजून आहे. तू त्याला आत्याबाईंचं कुंकू म्हणायचीस.

त्यानंतर आपण दोघी बरेच दिवस कामापुरतं बोललो. मला वाटत होतं, तू थोडं वाकली असतीस तर एक म्हातारी रात्रीची झोपली असती. घरी ऐकू यायचं मला त्यांचं कण्हणं. तुला ऐकू येत नव्हतं, म्हणून तुला ताठ राहणं सोपं, असंही मी मनात म्हटलं. पण ते तुझ्यापुढे कधी बोलले नाही. कारण त्याच दिवसांत मी तुला उभ्या उभ्या भिंतीला कंबर घासताना बघत होते. तुझं कण्हणं तू करत नव्हतीस, म्हणून मला ऐकू येत नव्हतं.

त्या परत आल्या तो दिवस. सकाळची वेळ, बाकावर गर्दी. टांगा थांबला आणि त्यातून आत्याबाई उतरल्या, एकट्या. मला घरी काही बोलल्या नव्हत्या. मी पुढे गेले तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही आले. पाय घेऊन आला." आणि बाकावर बसल्या, एका बिडीवाल्या बाईच्या शेजारी, आपला नंबर येईपर्यंत.

नंबर आला. त्या पालथ्या झाल्या. मी पेटीपाशी उभी होते. मला वाटलं, आज तरी तू हातावरची तपासणी टाळशील, किंवा तिकडे पाठ करून करशील, म्हातारीला दिसणार नाही असं. तू त्यांच्या तोंडासमोर उभी राहिलीस. पट्टी भिजवलीस, पिळलीस, आपल्या हातावर ठेवलीस. बटण फिरवलंस, मुंग्या आल्यावर शून्यावर आणलंस. मग तीच पट्टी उचलून त्यांच्या कमरेवर ठेवलीस, दुसरी पोटरीवर. त्यांच्या पाठीला शिरशिरी आली ती मला दिसली. गार पाण्याची असेल. कोमट होतं, पण असेल.

"मुंग्या येतात का?" तू विचारलंस.

आत्याबाई मला म्हणाल्या, "सुमन, तिला सांग, येतात."

तू बटणावरचा हात तसाच ठेवलास. "मला सांगा, मोठ्या बाई. फिरवणारी मी आहे. त्यांना सांगाल अन् त्या मला सांगतील, तवरोक चटका बसल."

बाकावरची माणसं माना उंचावून बघत होती. पेटीचा तो बारीक गुणगुणाट तेवढा चालू. मला बोलावंसं वाटत होतं आणि मी बोलले नाही. एवढ्या सगळ्या प्रकरणात मी केलेली शहाणपणाची गोष्ट ती एकच.

मग आत्याबाई भिंतीकडे तोंड वळवून म्हणाल्या, "वाढव थोडं."

तू वाढवलंस. "आता?"

"पुरे. नाही, एक कण आणखी."

"बास. याच्या वर न्हाई देणार. तुम्ही मागितलं तरी न्हाई."

मग त्या येतच राहिल्या. पाय पुरता कधीच सुटला नाही, हे मला लिहायला हवं. लोक अशा वेळी चमत्कार लिहितात. पण दुखणं दबायचं, दबल्यावर तू त्यांच्याकडून पाय उचलून घ्यायचीस, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या पाटावर बसायला लागल्या. तासभर नाही, देवांची नावं जरा भरभर घेऊन.

घरी गेल्यावर त्या डोक्यावरून आंघोळ करायच्या, हे तुला मी सांगितलं नव्हतं. तूच ओळखलंस. एकदा दुपारी मी घरून डबा घेऊन आले तर विचारलंस, "अजून आंघोळ करून राह्यल्या का?"

"हो."

"करू द्या. पाणी गरम घ्या म्हणावं. पायाला बरं."

आणि दर काही महिन्यांनी तू हेच विचारायचीस, पावसापाण्याची चौकशी केल्यासारखं. मी खरं उत्तर द्यायची. कधीतरी ते उत्तर बदललं. म्हणजे एक दिवस माझ्या लक्षात आलं की बरेच दिवस न्हाणीचा आवाज आला नाही. कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. तुला सांगितलं तेव्हा तू "गुडघे दुखत असतील" म्हणालीस आणि हसलीस. त्यांना तोंडावर मात्र तू कधी सोडलं नाहीस. त्या म्हणायच्या, "शेवंते, हात किती गार तुझा, प्रेतासारखा." तू म्हणायचीस, "सूनबाईला सांगा. स्टोव्हला घासलेट देत न्हाईत, पाणी ऊन कुठून करू?" खोलीत तुम्ही दोघी अशा बोलायचात की नवा पेशंट गोंधळून जायचा.

पण खोलीतच. तू आमच्या घरी संक्रांतीला आलीस, तिळगूळ दिलास, घेतलास. चहा आला तो कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. तू कपाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. कप उचलला नाहीस. "उपास आहे," म्हणालीस. तू उपास करत नव्हतीस, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कामावर तू त्याबद्दल बोलली नाहीस आणि मीही नाही. आपल्या दोघींत जे न बोललेलं उरलं आहे ते सगळं त्या कपात आहे. करंटसाठी तोडगा काढणारी मी, त्या कपाला मला तोडगा सुचला नाही. तुझी पुन्हा आमच्या घरी यायची वेळच आली नाही. तू आली नाहीस म्हणून की मी बोलावलं नाही म्हणून, याचा वाद आपण घातला असता तर बरं झालं असतं.

एक दिवस मात्र माझा आहे. वीज गेली होती, पेशंट कंटाळून निघून गेले आणि संध्याकाळी अवेळी वीज आली. तू भिंतीला कंबर घासत होतीस. मी म्हटलं, "झोप खाटेवर."

"मला झोपायची सवय न्हाई."

"झोप म्हणते ना."

तू पालथी झालीस, चप्पल खाटेखाली नीट ठेवून. तू कालवून ठेवलेलं मिठाचं पाणी मी कोमट केलं, पट्टी भिजवली, पिळली. तुझ्या मागे इतकी वर्षं उभी होते, पण तुझी पाठ मी पहिल्यांदा बघत होते. कमरेशी दोन्ही बाजूंना स्नायू दोरखंडासारखे आवळलेले. असली पाठ घेऊन तू इतरांच्या पट्ट्या आवळत होतीस. मी पट्टी ठेवणार तेवढ्यात तू मान न वळवता म्हणालीस, "आधी हातावर, बाई."

मी माझ्या हातावर लावली. मग तुझ्या पाठीवर. मुंग्या आल्याबरोबर तू हसायला लागलीस, गुदगुल्या झाल्यासारखी, आणि थांबेचना. इतकी वर्षं हातावर घेतलेली गोष्ट पाठीवर अशी असते, हे तुला माहीत नव्हतं. हसता हसता तू झोपलीस. मी पेटी बंद केली आणि स्टुलावर बसून राहिले. दुखणारं माणूस झोपतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून ठेवल्यासारखं दिसतं. मी माझ्या कामात ते पुष्कळ बघितलं आहे. तुझ्या चेहऱ्यावर एकदाच.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, रोज घेत जा. तू म्हणालीस, "पेशंट संपल्यावर." पेशंट संपत नसतात. तो रोजचा वाद तापानं तू अंथरूण धरलंस तेव्हा अर्धाच होता. मी भेटायला आले तेव्हा तू माझ्यावरच डाफरलीस, "खोली कुणावर टाकून आल्या?"

आपला मोठा वादही तसाच राहिला. मला अजून वाटतं की दुखणाऱ्याचं दुखणं आधी बघावं. माझं कामच ते आहे, ते मी सोडणार नाही. पण कुणाचं आधी, हे ठरवताना मी बाकाकडे एकदा बघते आता. एवढं तू माझ्यात रुजवलंस. याहून जास्त मी कबूल करणार नाही. तू असतीस तर आणखी थोडं काढून घेतलं असतंस.

आज आत्याबाईंचा दिवस होता. त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. तू गेल्याचं कळलं तेव्हा त्या जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. पण टांगा आला. त्या उतरल्या, बाकावर बसल्या, नंबर आल्यावर पालथ्या झाल्या. तुझ्या जागी अजून कुणी दिलेलं नाही. मी सकाळच्याच पाण्यात पट्टी भिजवली, पिळली आणि त्यांच्या कमरेकडे नेली.

"थांब," त्या म्हणाल्या. तोंड भिंतीकडे. "आधी हातावर लाव. ती लावायची."

मी लावली. एक मनगटाजवळ, एक कोपराखाली. त्या डागावरच आली. काट्यावर नजर ठेवून बटण फिरवलं. मुंग्या आल्या. शून्यावर आणलं, पट्टी उचलली आणि त्यांच्या कमरेवर ठेवली. पट्टा आवळला. पेटी गुणगुणायला लागली.

"मुंग्या येतात का?" मी विचारलं.

मी वाट बघितली. दारात उंबरा रिकामा होता.

"पाणी गार आहे," त्या म्हणाल्या. "तिचं कोमट असायचं."